जामीनदार की जातमुचलका?
2022 अखेर देशातल्या जेलात दर चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून संपायचा असलेले, होते, आणि त्यात दलित, आदिवासी, ओबीसी मिळून जवळपास दोनतृतीयांश. आता सुटकेसाठी कोर्टाने जामीनदार, म्हणजे आरोपीची हमी घेणारा दुसरा माणूस, मागितला की ऐपतीचा दाखला, रेशनकार्ड, पगाराची स्लिप आलीच, गावाकडून मजुरीला आलेल्या माणसाने हे कुठून आणायचं? 1978 च्या मोतीराम केसमधे गवंड्याला 10,000 चा जामीन सांगितला, भाऊ उभा राहिला तर म्हणे प्रॉपर्टी दुसऱ्या जिल्ह्यात! सुप्रीम कोर्टाने 1,000 च्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. जातमुचलक्यात स्वतःच्या सहीवर सुटका, तारखेला नाही आला तर रक्कम भरायची. पळून जाईल ही भीती समजते, पण घरदार, पोरंबाळं इथेच असलेल्याला मी तरी जातमुचलकाच देईन.