रिफ्लेक्टरच्या क्लॅम्पचा कॅमेरा माउंट: आठ महिन्यांनंतर

सायकलच्या हॅण्डलला लावायचा कॅमेरा माउंट घरी बनवून आठ महिने झाले. खडकवासला, कात्रज, बोपदेव घाट सगळं त्यावर शूट केलंय. मध्ये एकदा तो मोडलाही, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

सामान किरकोळ. नव्या सायकलचा पुढचा रिफ्लेक्टर आपण काढून टाकतो ना, त्याचा प्लास्टिकचा क्लॅम्प, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि पाव इंची बोल्ट. माझं हॅण्डल मधोमध ३१.८ मिमी जाड आहे, तिथे हा क्लॅम्प बसत नाही. बाजूला निमुळत्या भागावर लावावा लागतो, म्हणून व्हिडिओची फ्रेम जराशी डावीकडे. त्याची सवय होते.

बोल्ट घेताना जपा. ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंची असतो, इंचाला २० आटे. पुण्याच्या हार्डवेअर बाजारात, बोहरी आळीत मला "सहा एमएम घ्या, सेमच आहे" असं सांगितलं गेलं. सेम नाही! पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, शिवाय आट्यांमधलं अंतरही वेगळं. सहाचा बोल्ट आत डुगडुगतो आणि जोर लावला की कॅमेऱ्याच्या केसचे आटे जातात. बोल्टचं टोक पट्टीच्या वर पाचेक मिलिमीटरच यावं. जास्त आलं तर ते भोकाच्या तळाला टेकतं आणि कॅमेरा सैलच राहतो. अशा वेळी खाली वायसर घालायचे.

सगळ्यात मोठी चूक रबराची. हादरे शोषले जातील म्हणून मी जुन्या ट्यूबचे तीन थर गुंडाळले होते. झालं उलटंच, कॅमेरा रबरावर झुलायला लागला. या कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे बारीक थरथरीतही विजेचे खांब जेलीसारखे वाकडे दिसतात. आता पकडीपुरता एकच थर ठेवलाय आणि पट्टीची लांबी आठ सेंटिमीटरवरून तीनवर आणलीय. जितकं आखूड आणि कडक, तितकं बरं. उरलेलं काम कॅमेऱ्यातल्या स्टॅबिलायझेशनवर (चित्र स्थिर ठेवणाऱ्या सोयीवर) सोडायचं. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर मात्र त्याचेही हात टेकतात.

चौथ्या महिन्यात पट्टीला वळणावर तडा गेला. दोष माझाच, २ मिमीची पट्टी वाकवली, सरळ केली, परत तिथेच वाकवली. अ‍ॅल्युमिनियमला हे चालत नाही. आता ३ मिमीची आहे, पाइपवर ठेवून गोलाई देत एकदाच वाकवलेली.

बोपदेवच्या उतारावर साधा नट सैल झाला आणि कॅमेऱ्याने मान टाकली. घरी येऊन पाहतो तर बारा मिनिटं नुसतं पुढचं चाक! तेव्हापासून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा), आणि कॅमेऱ्यापासून स्टेमपर्यंत, म्हणजे हॅण्डल धरणाऱ्या भागापर्यंत, नायलॉनची दोरी. दोरी आखूडच हवी, कॅमेरा लोंबकळला तरी स्पोकपर्यंत पोचता कामा नये.

पावसाळ्यात लोखंडी बोल्ट गंजला, स्टेनलेसचा घातला. कार्बनच्या हॅण्डलवर हा प्रकार करू नका, ते जास्त आवळलं की तडकू शकतं आणि स्क्रू आवळताना किती जोर लागतोय याचा अंदाज येत नाही.

सध्या क्लॅम्पचं स्क्रूचं भोक थोडं मोठं झालंय. सायकलवाल्याला विचारलं तर त्याने काढून टाकलेल्या रिफ्लेक्टरांचा डबाच पुढे केला. दोन उचलून आणलेत.