लीग टू फुटबॉल क्लबचं सीझन तिकीट: तीन वर्षं वापरून मग लिहितोय

सलग तिसऱ्या वर्षी आमच्या गावच्या फुटबॉल क्लबचं सीझन तिकीट (सीझनभराच्या घरच्या लीग मॅचचं एकच तिकीट) काढलंय, एक माझं आणि एक लेकीचं, आणि इंग्लंडात नव्याने आलेले आपले बरेच लोक विचारत असतात की प्रीमियर लीगची तिकिटं मिळत नाहीत, मिळाली तर परवडत नाहीत, मग खालच्या लीगचं घ्यावं का, तर एकदाच सगळं लिहून टाकतो. क्लबचं नाव देत नाहीये कारण तक्रारी पण आहेत. उत्तर इंग्लंडातला जुना क्लब आहे, लीग टू मधला, म्हणजे वरून चौथी लीग, एवढं पुरे.

आधी पैशाचं. अर्ली बर्ड मध्ये, म्हणजे लवकर घेणाऱ्यांच्या सवलतीत, मोठ्या माणसाचं सीझन तिकीट ३०० पाउंड, लेकीचं ३५. लीग टू मध्ये २४ टीम, प्रत्येकीच्या ४६ मॅच, त्यातल्या २३ घरच्या मैदानावर, म्हणजे मला एक मॅच १३ पाउंडाला पडते. सुटं तिकीट आधी काढलं तर २४, मॅचच्या दिवशी २६. १३ मॅचना जाणार असाल तर पैसे वसूल, वरच्या १० तशाच मिळाल्या म्हणायच्या. कपच्या, म्हणजे लीगखेरीजच्या वेगळ्या स्पर्धांच्या, मॅच यात धरत नाहीत, त्यांचे वेगळे पैसे, आणि हे घेताना कोणी ठळक सांगत नाही. पहिल्या वर्षी एफए कपच्या दिवशी लेकीला घेऊन गेटवर गेलो, कार्ड स्कॅन केलं, लाल दिवा लागला, मागे रांग, आणि मग परत तिकीट खिडकीवर जाऊन दोन तिकिटं काढून आत शिरेपर्यंत पहिला गोल होऊन गेला होता.

आता मिळतं काय. फुटबॉल टीव्हीवर दिसतं तसं नसतं, पास चुकतात, वाऱ्याच्या दिवशी बॉल निम्मा वेळ हवेतच असतो. पण आमची जागा सातव्या ओळीत आहे आणि तिथून गोलकीपर डिफेंडरला काय ओरडतोय ते शब्दन् शब्द ऐकू येतं. गेल्या जानेवारीत एका मंगळवारी रात्री तिरका पाऊस चालला होता, वॉर्मअप करणारा एक बदली खेळाडू आमच्या पुढच्या कठड्यावर पाय ठेवून बुटाची लेस बांधत होता आणि बांधता बांधता लेकीला विचारतो, बाकीच्या मॅचचे स्कोअर काय झालेत गं? तिने फोनवर बघून सांगितलं, तो थँक्यू म्हणून गेला आणि दहा मिनिटांनी मैदानात उतरला. त्या दिवसापासून तिला टीममधल्या सगळ्यांची नावं पाठ आहेत, राखीव गोलकीपरसकट. १३ पाउंडात हे मिळतं, मला यापेक्षा चांगला सौदा माहीत नाही.

आमच्या शेजारच्या सीटवर सत्तरी पार केलेले एक आजोबा बसतात. त्यांच्या खिशात एक छोटी वही असते, दुसऱ्या हाफमध्ये स्पीकरवरून आजची प्रेक्षकसंख्या सांगतात ती ते लिहितात आणि शेजारी अवे फॅन्स, म्हणजे पाहुण्या टीमचे समर्थक, किती आले तो आकडा वेगळा लिहितात. पहिल्या वर्षी मला वाटायचं छंद असेल. मग एकदा त्यांनी समजावलं आणि तेव्हापासून मी तिकिटाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो, म्हणून हा रिव्ह्यू नुसता सीट आणि व्ह्यूचा नाहीये.

बघा, २४ पाउंडाच्या तिकिटातले ४ पाउंड सरळ सरकारला जातात, २० टक्के व्हॅट असतो तो. क्लबला राहिले २०. माझ्या ३०० मधले ५० व्हॅट, क्लबला २५०, म्हणजे मॅचमागे ११ पाउंडसुद्धा नाहीत. त्यातून त्या दिवशीचे स्टुअर्ड (मैदानातली गर्दी सांभाळणारे), पोलीस लागले तर त्यांचा खर्च, फ्लडलाइटचं बिल, गवत आणि सगळ्यात वरती पगार. लीगच्या मॅचचं गेट, म्हणजे तिकीटविक्रीचा पैसा, पूर्ण यजमान क्लबचं असतं, १९८३ पर्यंत पाहुण्या क्लबला त्यातला वाटा द्यावा लागायचा, तो नियम गेला आणि मोठ्या क्लबांचं फावलं. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे वरच्या लीगमधून एखादा मोठा क्लब घसरून आमच्या लीगमध्ये आला की तो दोन हजार माणसं घेऊन येतो आणि ते सगळे पैसे आमच्याकडे राहतात. आजोबा अवे फॅन्स वेगळे का मोजतात ते यात आलं. आणि पाहुण्यांकडून जास्त उकळताही येत नाही, तशाच प्रकारच्या जागेला घरच्या प्रेक्षकांपेक्षा जास्त दर लावायचा नाही असा लीगचा नियम आहे, तो फार चांगला आहे.

टीव्हीचे पैसे आहेत ना मग, असं कोणी म्हणेल. स्काय या टीव्ही कंपनीचा करार आहे, २०२४-२५ पासून पाच वर्षांसाठी ९३.५ कोटी पाउंडांचा, ऐकायला प्रचंड, पण तो प्रीमियर लीगच्या खालच्या तीन लीगच्या ७२ क्लबांत वाटायचा आणि त्यातला मोठा वाटा चॅम्पियनशिपला, म्हणजे वरून दुसऱ्या लीगला, जातो, लीग टू पर्यंत येईतो आटलेला असतो. म्हणून खालच्या लीगमध्ये अजूनही गेटवर क्लब चालतो, आणि म्हणूनच किंमत ठरवताना क्लबवाल्यांनी डोकं लावायला पाहिजे.

आता अर्ली बर्डची गंमत समजून घ्या. मार्च-एप्रिलमध्ये, चालू सीझन संपायच्या आधी, पुढच्या वर्षी आपण कुठल्या लीगमध्ये असू हेसुद्धा नक्की नसताना क्लब पैसे का मागतो? कारण मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टपर्यंत घरी लीगची एकही मॅच नसते, गेटवर दमडी येत नाही आणि ज्यांचे करार चालू आहेत त्यांचे पगार मात्र दर महिन्याला द्यायचे असतात. आपण जे ३०० आधी देतो ते खरं तर क्लबला उन्हाळ्यापुरतं दिलेलं उसनं आहे आणि सवलत म्हणजे त्याचं व्याज. समजा २,००० लोकांनी माझ्यासारखं तिकीट काढलं तर व्हॅट जाऊन ५ लाख पाउंड झाले. २०२० मध्ये लीग टू साठी पगारावर कमाल मर्यादा घातली होती, वर्षाला १५ लाख पाउंड (खेळाडूंच्या संघटनेने ती आव्हान देऊन फेब्रुवारी २०२१ मध्ये रद्द करून घेतली), म्हणजे त्या मापाने एक तृतीयांश पगार वसंतातच जमा होतो. हे पैसे जुलैपर्यंत संपवले तर डिसेंबरात हात कोरडे, आणि तेव्हाच पाऊस, बर्फ, पुढे ढकललेल्या मॅच.

त्यामुळे सीझन तिकीट घेताना हा धोका आहे हे माहीत असू द्या. बरी (Bury) नावाच्या क्लबचं उदाहरण घ्या, १८८५ चा क्लब, १९०० आणि १९०३ ला एफए कप जिंकलेला, १२५ वर्षं लीगमध्ये, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगने काढून टाकला. आठ महिने आधी तो १ पाउंडाला विकला गेला होता. नव्या सीझनची तिकिटं काढून बसलेली माणसं होती तिथे. पुढच्याच वर्षी मॅकल्सफील्ड टाउन हा क्लब कोर्टाने गुंडाळायला लावला. २०२५ च्या उन्हाळ्यात मोरकॅम क्लबला नॅशनल लीगमधून (वरून पाचवी लीग) निलंबित केलं होतं, ऑगस्टमध्ये नवे मालक आले म्हणून वाचले. क्लब बुडाला तर सीझन तिकीटवाला क्लबकडून पैसे येणं असलेल्यांच्या रांगेत अगदी मागे उभा असतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, तिकीट क्रेडिट कार्डावर घ्या. १०० पाउंडांच्या वरच्या खरेदीला कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम ७५ लागू होतं आणि माल मिळाला नाही तर कार्ड कंपनीकडे मागता येतं. हप्त्याची स्कीम घेणार असाल तर ती कोणत्या फायनान्स कंपनीची आहे आणि क्लब बंद पडला तरी हप्ते भरावे लागतील का, हे आधी लेखी विचारून घ्या.

तक्रारी. पहिली, बुकिंग फी. तिकीट माझ्याच फोनवर येतं, छापायचं नाही, पाठवायचं नाही, तरी प्रत्येक तिकिटामागे दीड पाउंड. चौघांचं कुटुंब म्हणजे सहा पाउंड, आणि ते बहुतेक तिकीट विकणाऱ्या कंपनीकडे जातात, क्लबकडे नाही, याचा जास्त राग येतो. दुसरी, मॅचच्या दिवशीचे दोन पाउंड जास्त. स्टँडमध्ये खुर्च्या रिकाम्या असताना शनिवारी सकाळी ज्याच्या मनात आलं की चला पोरांना घेऊन जाऊ, त्याच माणसाला तुम्ही दंड लावताय? रिकाम्या खुर्चीतून काहीच मिळत नाही, भरलेल्या खुर्चीतला माणूस पाय (pie, सारण भरून भाजलेला गरम पदार्थ) खातो, चहा घेतो, हाफटाइमच्या सोडतीचं तिकीट घेतो, आणि त्याच्या पोराला आवडलं तर पुढची तीस वर्षं येतो. हे मी क्लबच्या फॅन फोरममध्ये उभं राहून बोललो, टाळ्या पडल्या, फी तशीच आहे. तिसरी, स्वस्त कोपऱ्यातल्या खांबामागच्या जागा ‘थोडा अडथळा’ म्हणून विकतात, तिथून एक आख्खा गोलपोस्ट दिसत नाही, त्या घेऊ नका.

स्वस्त तिकीट चालतं याचे पुरावे आहेत. ब्रॅडफर्ड सिटीने २०१५-१६ ला सीझन तिकीट १४९ पाउंडाला दिलं आणि १८,००० च्या वर विकली, तिसऱ्या लीगमध्ये! हडर्सफील्डने २००८-०९ ला शंभरीच्या वर्षी १०० पाउंडाला दिलं होतं. पण हे सरसकट सगळ्यांना जमेल असं मी म्हणणार नाही, ब्रॅडफर्डचं मैदान २५,००० चं आहे, दर अर्धा करून माणसं दुप्पट झाली तर बसवायला जागा आहे. आमच्याकडे सात हजारांतच मैदान संपतं, तिथे ३०० चं १५० केलं तर तेवढी भर कुठून येणार. त्यामुळे ३०० या आकड्यावर माझी तक्रार नाही, तक्रार आहे ती किरकोळ दीड-दोन पाउंडांच्या ओरबाडण्यावर.

कपचं थोडक्यात. एफए कपचं गेट दोन्ही क्लबांत वाटलं जातं, आणि मॅच बरोबरीत सुटली की दुसऱ्या क्लबच्या मैदानावर ती परत खेळायची (रिप्ले), त्यामुळे मोठ्या क्लबकडे जाऊन ड्रॉ करणं म्हणजे छोट्या क्लबला वरदान असायचं. जानेवारी २००५ मध्ये एक्झिटर सिटीने, तेव्हा वरच्या चार लीगच्याही बाहेर असलेल्या आणि कर्जात बुडालेल्या, मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ०-० केलं, रिप्ले घरी, आणि त्या दोन मॅचच्या पैशाने क्लब तरला. आजही तो क्लब समर्थकांच्या ट्रस्टच्या मालकीचा आहे. २०२४-२५ पासून पहिल्या फेरीपासूनचे रिप्ले बंद केले. मला हा निर्णय अजून पटलेला नाही, मोठ्या क्लबांच्या खेळाडूंना विश्रांती मिळावी म्हणून लहानांच्या तोंडचा घास काढला.

पैशाच्या बाबतीत आमच्या क्लबला एक श्रेय द्यायलाच पाहिजे. चॅम्पियनशिपमध्ये कित्येक वर्षं सगळ्या क्लबांचे मिळून पगारच एकूण उत्पन्नापेक्षा जास्त होते, प्रीमियर लीगचं दार दिसतं म्हणून मालक पैसे ओततात आणि मालक थकला की सगळं कोसळतं. शेफील्ड वेन्सडे क्लबच्या मालकाने २०२३ मध्ये चक्क फॅन्सना प्रत्येकी १०० पाउंड द्या म्हणून सांगितलं होतं, पुढे फॅन्सनीच तिकिटं घेणं थांबवलं, ऑक्टोबर २०२५ मध्ये क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये (दिवाळखोरीमुळे प्रशासकांच्या ताब्यात) गेला, १२ पॉइंट कापले, आणि जुना मालक बाजूला झाल्यावर तेच लोक तिकिटांसाठी परत रांगेत उभे राहिले. आमच्या क्लबचा अध्यक्ष दर वर्षी फोरममध्ये पडद्यावर ताळेबंद दाखवतो, किती तोटा, तो कोणी भरला, सीझन तिकिटाचे पैसे कुठे गेले. मागच्या वेळी सरळ म्हणाला की वसंतातला पैसा जुलैत संपला. ऐकायला बरं वाटलं नाही पण असं सांगणारे कमी आहेत, मला हे फार मोलाचं वाटतं. आता २०२५ चा फुटबॉल गव्हर्नन्स ॲक्ट झालाय, वरच्या पाच लीगच्या क्लबांना स्वतंत्र नियामकाचं लायसन्स लागणार आणि तिकिटाच्या दरात बदल करताना समर्थकांशी बोलावं लागणार, तेव्हा बुकिंग फीचा विषय मी परत काढणार आहे.

पाचपैकी चार स्टार. खेळाला तीन, जागेला चार, पैसे वसूल होण्याला पाच, तिकीट वेबसाइटला एक.

घेणार असाल तर मुख्य स्टँडच्या समोरची बाजू घ्या, टेरेसजवळची (उभं राहून मॅच बघायची जागा), आवाज तिथेच असतो. थर्मल घालून जा. पाय हाफटाइमच्या पाच मिनिटं आधी घ्या, नंतर संपतात. आमच्या ओळीत आजोबांच्या पलीकडच्या दोन सीट या वर्षी रिकाम्या झाल्यात, अर्ली बर्ड मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालू आहे.