ठाण्यातला वीकेंड क्लाइंबिंग क्लास, चार स्टार

भाच्याला उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटचा २८ दिवसांचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करायचाय, आधी जरा सवय व्हावी म्हणून इथे घातला. दोन रविवार मुंब्र्याच्या कातळावर गाठी, बिले (चढणाऱ्याला खालून दोरीने सांभाळणं), रॅपलिंग (दोरीवरून खाली उतरणं) सगळं हात धरून शिकवलं, शिकवणारा पोरगा मुरबाडकडच्या पाड्यावरचा, काय चढतो राव, तेही अनवाणी! १९५४ मध्ये दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था निघाली तेव्हा तिथलं ट्रेनिंग एव्हरेस्टवाले तेनसिंगच बघायचे, डोंगरातलाच माणूस शिकवायला हवा तो असा. हेल्मेटं मात्र जुनी, एकाची पट्टीच तुटलेली, बोललो तेव्हा बदललं, एक स्टार तिथेच गेला. पाड्यावरच्या पोरांकडून फी अर्धीच घेतात, हे भारी वाटलं. वडापाव घरून न्या, वर काही मिळत नाही.