कचरा वर्गीकरणावर एम.एड.चा प्रबंध: सर्वेक्षण की कृतिसंशोधन?

पुण्यात ‘शाळा आणि कचरा वर्गीकरण’ हा विषय घेतला की आधी पद्धत ठरवावी लागते. सर्वेक्षण आटोपशीर: प्रश्नावली, 1932 पासून रूढ असलेली लिकर्ट मापनी (‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी उत्तरांची श्रेणी), बऱ्याच शाळा, लगेच टक्केवारी. पण ‘ओला-सुका वेगळा करता का?’ असं विचारलं की मुलं ‘हो’ म्हणतात, कारण तेच अपेक्षित असतं. डब्यात खरं काय पडतं, ते कागदावर येत नाही.

कृतिसंशोधनाची मांडणी मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी 1946 मध्ये केली. इथे शिक्षक स्वतःच्याच वर्गात नियोजन, कृती, निरीक्षण, चिंतन हे चक्र फिरवतो. आधी डब्यांचं वजन, मग बदल, मग पुन्हा वजन. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंना वर्गात बोलावता येतं. सुक्या कचऱ्यात डायपर मिसळलं की हाताने निवडणाऱ्यांवर काय वेळ येते, हे त्यांच्याइतकं नेमकं कोण सांगणार? निष्कर्ष मात्र त्या वर्गापुरतेच.

महापालिकेपुढे शहराचं चित्र मांडायचं असेल, तर सर्वेक्षणच हवं. शिक्षक घडवायचा असेल, तर माझं मत ठामपणे कृतिसंशोधनाला. वजनं मात्र सत्राच्या सुरुवातीलाच घ्या. परीक्षा जवळ आल्या की शाळेत कुणाला सवड नसते.