जीन्ससाठी इझी: कुठे कामाचं, कुठे नाही

गोदरेजचं इझी हे कपडे धुण्याचं लिक्विड घरात येतं ते स्वेटर आणि शालींसाठी. पण गडद निळी किंवा काळी जीन्स धुवायलाही ते साध्या पावडरीपेक्षा खूप चांगलं, कारण त्यात धुण्याचा सोडा नाही. पावडरीचं पाणी सोड्यामुळे चांगलंच अल्कधर्मी होतं. काही पावडरींत पांढरेपणा वाढवणारी द्रव्यं असतात, काहींत ऑक्सिजनचं ब्लीच. पांढऱ्या शर्टाला हे उपयोगी, जीन्सला नाही.

तरीही नुसती बाटली आणून भागत नाही. जीन्सचा निळा रंग म्हणजे इंडिगो. तो पाण्यात विरघळत नाही आणि सुताशी त्याचा घट्ट रासायनिक बंधही होत नाही. मिलमध्ये उभे धागे रंगाच्या हौदात बुडवतात, हवेत धरतात, पुन्हा बुडवतात. असे थर धाग्याच्या बाहेरच्या अंगावर चढतात, गाभा पांढराच राहतो. त्यामुळे जीन्स फिकी होते ती मुख्यतः घासल्याने. धुण्याच्या दगडावर पसरून ब्रश मारला, तर इझी वापरा की आणखी काही, गुडघे आणि मांड्या पांढुरक्या पडणारच.

म्हणून पद्धत महत्त्वाची. चेन आणि बटण लावा, जीन्स उलटी करा. 10 लिटर गार पाण्यात 15 ते 20 मिली इझी आधी नीट ढवळून घ्या, मगच जीन्स बुडवा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. रात्रभर भिजत ठेवली की सुटा रंग पाण्यात उतरतो आणि खिशांच्या पांढऱ्या कापडावर, आतल्या बाजूवर बसतो. हाताने दाबून धुवा, पिळू नका. पिळल्यावर जिथे घट्ट घडी पडते तिथे रंग आधी जातो. मशीनमध्ये नाजूक कपड्यांचा प्रोग्रॅम, गार पाणी, स्पिन मिनिटाला 600 फेऱ्यांच्या आत. ड्रम गच्च भरला तर कपडा मोकळा फिरत नाही, घड्या तशाच घासल्या जातात आणि मांडीवर उभ्या पांढऱ्या रेघा उमटतात. या रेघा परत जात नाहीत.

बोअरच्या जड पाण्यात लिक्विड थोडं जास्त लागतं, कारण कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे त्याची ताकद कमी होते. मात्र मग खळबळणं दोनदा करा. साबणाचा अंश राहिला की गडद कापडावर राखी छटा दिसते आणि रंग गेला असं उगाच वाटतं.

मीठ किंवा व्हिनेगर घालून रंग पक्का होतो, हा सल्ला सगळीकडे मिळतो. इंडिगोच्या बाबतीत तो चुकीचा आहे. काही रंग कापडावर चढवताना मीठ लागतं, पण तयार जीन्सवर बसलेला इंडिगो त्याने घट्ट होत नाही. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घातलं तर उरलेला अल्कधर्मीपणा जातो, एवढाच फायदा. पावडर वापरणाऱ्यांना तो थोडाफार आहे, इझी वापरताना व्हिनेगरची गरजच नाही.

काळ्या जीन्सचं वेगळं. तिचा रंग बहुधा सल्फर प्रकारचा असतो आणि क्लोरीनच्या ब्लीचपुढे अजिबात टिकत नाही. फरशी पुसायच्या बादलीत ब्लीचचा अंश असू शकतो, म्हणून तिच्यात ही जीन्स भिजवू नका.

वाळवताना उलटीच ठेवा, सावलीत, पायांकडून चिमटे लावून. दोरीवर मधोमध टाकून उन्हात सोडली तर घडीवर फिका पट्टा पडतो. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवा, कमरेचा जाड पट्टा आणि खिसे आतून कोरडे झालेत ना ते हाताने पाहा. कुबट वास तिथूनच येतो, आणि वास आला की जीन्स पुन्हा धुण्यात जाते.

इझी कमी पडतं ते तेलकट डागांवर. बाइकच्या चेनचं ग्रीस किंवा वड्याचं तेल या सौम्य लिक्विडने पुरतं निघत नाही. अशा डागावर भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने लावा, पाच मिनिटांनी तेवढाच भाग धुवा. आणि रोज गॅरेजमध्ये वापरायची जीन्स असेल तर पावडरच घ्या; तिथे रंगापेक्षा मळ निघणं जास्त गरजेचं.