बाग वाईनची लावावी की खायच्या द्राक्षांची?

नाशिक भागात जुनी बाग काढून नवी लावायला निघालेले बरेच जण हे विचारतात. मी दोन्ही केलंय आणि आज आमची निम्म्याहून जास्त बाग वाईनची आहे.

आधी एक सांगतो, परदेशातले भाव बघून भुलू नका. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या नापा भागात कॅबरने या वाईनच्या लाल जातीला टनाला सरासरी 8,000 डॉलरच्या पुढे भाव मिळतो, तर त्याच राज्यात फ्रेस्नोकडे तीच जात काही शे डॉलरला जाते. भाव जागेला आणि नावाला आहे, तो आपल्या बांधावर येत नाही.

आपल्याकडे थॉमसन ही खायची बिनबियांची जात एकरी 10-12 टनांपर्यंत जाते, वाईनची जात साधारण त्याच्या निम्म्यावर थांबते. पण वाईनला जीएचं डिपिंग (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडमध्ये घड बुडवणं) नाही, घडातले मणी विरळ करायची मजुरी नाही. वायनरीला, म्हणजे वाईनच्या कारखान्याला, मणी बारीकच हवा असतो, कारण रंग आणि स्वाद सालीत असतो. माझ्या हिशेबाने खर्च वजा जाता दोन्ही फार लांब नाहीत. तुमचा हिशेब वेगळा निघू शकतो.

मला मेटाकुटीला आणलं ते थॉमसनच्या सौद्याने. व्यापारी बागेत येतो, घडाच्या खालचा मणी दाबून गोडी बघतो, तोंडी भाव ठरतो, ‘परवा खुडा लावू’ म्हणतो. संध्याकाळी आभाळ भरून आलं की त्याचा फोन बंद. मग दोन दिवसांनी येतो आणि त्याच मालाला किलोमागे पाच-सात रुपये कमी सांगतो. माल पिकलेला, पावसाने मणी तडकायची धास्ती, मजूर ठरवलेले. नाही म्हणायची सोय नसते. दरवर्षी कुणी ना कुणी पैसे बुडवून गायब होतो ते वेगळंच. वायनरीशी होणाऱ्या करारात, फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधीच भाव माहीत असतो. तो चढा नसेल, पण मजुरी आणि औषधाची उधारी त्यावर बेतता येते.

वाईनचा धोका मात्र खरा आहे. सोविन्यों ब्लांसारखी वाईनची जात बाजार समितीत कुणी घेत नाही. थॉमसनचा निदान बेदाणा होतो. 2008-09 च्या मंदीत आपल्याकडे वाईनचा माल पडून राहिला आणि पुढे अनेकांनी वेली उपटल्या. ऑस्ट्रेलियातही 2021 मध्ये चीनने त्यांच्या वाईनवर जबर शुल्क लावलं आणि तिथल्या रिव्हरलँड भागातल्या लाल द्राक्षांचे भाव कोसळले. 2024 मध्ये शुल्क उठलं, तरी बागायतदार सावरलेले नव्हते.

निर्यातीचा जम बसलेला असेल, युरोपच्या रेसिड्यूच्या (मालात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या) तपासणीत माल पास होत असेल, तर थॉमसन सोडू नका. बाकीच्यांनी वाईनचा विचार जरूर करावा. फक्त रोपांची ऑर्डर देण्याआधी करार हातात घ्या. माल किती गोडीला उचलणार, किती तारखेपर्यंत उचलणार आणि पैसे किती दिवसांत देणार, हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. आणि त्या वायनरीला आधीपासून माल देणाऱ्या दोघा-तिघांच्या बागेत जाऊन मागच्या हंगामाचे पैसे केव्हा मिळाले ते विचारा.