क्वाड ३३ आणि ३०३: जुनी विलायती जोडी घ्यावी का, आणि घेतलीच तर कशी लावावी

क्वाड या ब्रिटिश कंपनीचा ३३ हा प्रीॲम्प (स्रोत निवडणारा आणि आवाज कमीजास्त करणारा भाग) आणि ३०३ हा पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा भाग) १९६७ साली बाजारात आले. संस्थापक पीटर वॉकर यांच्या हंटिंग्डनच्या कारखान्यातले हे पहिले ट्रान्झिस्टर ॲम्प. त्याआधी क्वाड म्हटलं की व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या. पुढची पंधराएक वर्षं ही जोडी बनत राहिली, त्यामुळे ब्रिटनच्या जुन्या बाजारात ती आजही सहज सापडते. निकाल आधीच सांगतो. ३०३ निर्धास्त घ्यावा, ३३ उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये, आणि दोन्ही यंत्रं मूळ स्थितीत आणून तिथेच थांबावं. ‘आवाज दबका आहे’, ‘जुनाट वाटतो’ या तक्रारींच्या मागे बहुतेक वेळा सुकलेले कंडेन्सर किंवा चुकीची लेव्हल असते. मूळ आराखड्याचा त्यात फारसा दोष नाही.

३०३ दिसायला छोटा आणि उचलायला जड आहे. ८ ओहमला एका चॅनेलमागे ४५ वॅट देतो. आतली रचना आजच्या ॲम्पपेक्षा वेगळी आहे आणि ती समजून घेतली की दुरुस्ती सोपी होते. पुरवठा एकच, ६७ व्होल्टचा, आणि तो रेग्युलेटेड आहे. आउटपुटच्या प्रत्येक अर्ध्या भागात तीन ट्रान्झिस्टर एकत्र बांधलेले असतात, म्हणून बड्या ट्रान्झिस्टरचं तापमान वरखाली झालं तरी बायस (काही वाजत नसताना ट्रान्झिस्टरमधून वाहणारा ठरलेला प्रवाह) फारसा हलत नाही. आउटपुटचा मधला बिंदू पुरवठ्याच्या निम्म्यावर, म्हणजे साधारण साडेतेहेतीस व्होल्टवर बसतो, आणि तिथून स्पीकरकडे जाणारा आवाज एका मोठ्या कंडेन्सरमधून जातो. मूळ कंडेन्सर २००० मायक्रोफॅराडचा.

आउटपुटला कंडेन्सर म्हटलं की आजचे लोक नाक मुरडतात, पण त्याचा फायदा मोठा आहे. एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तरी कंडेन्सर डीसी अडवतो आणि स्पीकरची कॉइल वाचते. स्पीकरला जोडायचं पन्नाससाठ वर्षांचं यंत्र असं असलेलं केव्हाही बरं. किंमत मोजावी लागते ती खर्जात, आणि तीही किती हे कागदावर काढता येतं. २००० मायक्रोफॅराड आणि ८ ओहम धरले तर ३ डेसिबलची घट १० हर्ट्झला येते, १५ ओहमला ती ५ हर्ट्झच्या आसपास जाते, ४ ओहमला मात्र २० हर्ट्झवर येते. म्हणून ४ ओहमचे आधुनिक, भूक मोठी असलेले टॉवर स्पीकर या ॲम्पला जोडू नयेत. ८ ते १६ ओहम हेच याचं घर.

आता कंडेन्सर बदलण्याविषयी. आत चार मोठे डबे, म्हणजे मोठे कंडेन्सर आहेत. दोन पुरवठ्याचे, दोन स्पीकरच्या वाटेवरचे. ते मूळचे असतील तर ‘अजून चालतोय’ म्हणून ठेवू नयेत. सुकलेल्या डब्यांमुळे खर्ज पातळ होतो आणि पुरवठ्याची गुणगुण दोन्ही चॅनेलमध्ये सारखीच येते. नवे घेताना पुरवठ्याला १०० व्होल्टचे आणि आउटपुटला किमान ६३ व्होल्टचे घ्यावेत. काहीजण दसपट मोठे कंडेन्सर ठोकतात. ते करू नये. ३०३ ला स्वतःचं बटण नाही, त्याला वीज मिळते ती ३३ च्या पाठीवरच्या सॉकेटमधून, म्हणजे ३३ च्याच नाजूक स्विचमधून. कंडेन्सर जितके मोठे तितका चालू करतानाचा झटका मोठा, आणि त्या स्विचचे काँटॅक्ट जळतात. ३३०० किंवा फार तर ४७०० मायक्रोफॅराडवर थांबावं. बेल्जियमच्या दादा इलेक्ट्रॉनिक्सचे तयार संच मिळतात, त्यात बारीकसारीक भागांसह सगळं येतं. डबे वेगवेगळ्या दुकानांतून गोळा करण्यापेक्षा हा संच घेणं शहाणपणाचं.

काम करताना क्रम पाळावा. प्लग काढून दहा मिनिटं थांबायचं, मग १ किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरने प्रत्येक डबा रिकामा करायचा आणि मल्टिमीटरने खात्री करायची. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करण्याची सवय इथे नको, बोर्डाचे ट्रॅक बारीक आहेत. डबे आणि बोर्डावरचे छोटे इलेक्ट्रोलिटिक बदलले की तिन्ही प्रकारचे प्रीसेटही (पुरवठा, मधला बिंदू आणि बायस जुळवायचे छोटे फिरते रेझिस्टर) बदलावेत. हे सर्वांत महत्त्वाचं. मूळ प्रीसेट उघड्या कार्बनचे आहेत. इतक्या वर्षांनी हात लावला की त्यांची सरक मध्येच सुटते आणि बायस एका क्षणात भलतीकडे जातो. बंद, अनेक फेऱ्यांचे प्रीसेट लावले की तो धोका मिटतो.

पहिल्यांदा वीज देताना १०० वॅटच्या जुन्या पद्धतीच्या बल्बचा सिरीज बोर्ड (ॲम्पच्या विजेच्या वाटेत मालिकेत जोडलेला बल्ब) वापरावा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. लगेच बंद करा. डिमरस्टॅट हाताशी असेल तर व्होल्टेज हळूहळू चढवता येतं, पण बल्बची राखण तरीही असू द्यावी. मग बल्ब काढून आधी पुरवठा बरोबर ६७ व्होल्टला आणायचा, नंतर प्रत्येक चॅनेलचा मधला बिंदू निम्म्यावर, आणि शेवटी सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे बायस. हा क्रम उलटा केला तर सगळं पुन्हा करावं लागतं, कारण पुरवठा हलला की बाकीचं हलतं. अर्ध्या तासाने तिन्ही आकडे पुन्हा पाहावेत. काही वाजत नसताना हीटसिंक हाताला जेमतेम कोमट लागला पाहिजे. एक बाजू तापत असेल तर त्या चॅनेलमध्ये बिघाड आहे.

३३ ची गोष्ट वेगळी. रूप फार देखणं, नारिंगी बटणांचं, आणि आतली बांधणी खाचेत बसणाऱ्या सुट्या बोर्डांची. त्यामुळे दुरुस्ती सोपी, पण प्रत्येक खाच म्हणजे एक लूज काँटॅक्ट. एक चॅनेल जाणं, येणं, टिचकी मारल्यावर पुन्हा जाणं यांपैकी बहुतेक तक्रारी तिथल्याच. प्रत्येक बोर्ड काढून त्याची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, खाचेला काँटॅक्ट क्लीनर अगदी थोडा द्यावा आणि बोर्ड चारपाच वेळा आतबाहेर करावा. पॉलिश पेपर वापरू नये, मुलामा निघून जातो. व्हॉल्यूमची खरखर क्लीनरने कमी झाली नाही तर पॉटचा कार्बन झिजला आहे असं समजावं. एकाच बाजूने ‘श्श’ किंवा मधूनच ‘फट्’ असा आवाज आला तर तो जुन्या ट्रान्झिस्टरचा. दोन्ही बाजूंचे ॲम्प्लिफायर बोर्ड अदलाबदल करून पाहिले की दोष कोणत्या बोर्डात आहे ते एका मिनिटात कळतं. ही सोय आजच्या यंत्रांत नाही.

जोडणीतच बहुतेकांची फसगत होते. ३३ चा रेडिओ इनपुट १०० मिलिव्होल्टसाठी बनवलेला आहे आणि सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल संगीताचा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र) देतो २ व्होल्ट. वीसपट. मग व्हॉल्यूम जरा हलवला की खोली दणाणते, वरच्या बाजूची सगळी फेरी वाया जाते आणि आवाज कर्कश होतो. उपाय दोन रेझिस्टरचा. प्रत्येक चॅनेलला २२ किलोओहम मालिकेत आणि २.२ किलोओहम इनपुटपासून ग्राउंडला. २ व्होल्टचे सुमारे ०.१८ व्होल्ट होतात. हे रेझिस्टर डिन प्लगच्या (३३ च्या इनपुटला लागणारा गोल, अनेक पिनांचा प्लग) टोपीत मावतात. एक टक्क्याचे मेटल फिल्म घ्या, म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी राहील.

डिन प्लगमध्ये आणखी एक गफलत होते. पाच पिनांच्या इनपुटला डावा चॅनेल ३ नंबरवर, उजवा ५ वर आणि ग्राउंड २ वर. बाजारात मिळणाऱ्या काही तयार वायरी टेप रेकॉर्डिंगच्या हिशोबाने १ आणि ४ वर जोडलेल्या असतात. त्या लावल्या की आवाज येत नाही किंवा अगदी दुरून आल्यासारखा येतो, आणि माणूस ॲम्प उघडून बसतो. आधी मल्टिमीटरने वायर तपासा. ३३ ते ३०३ ही वायर चार पिनांची, तीही मूळची असेल तर तपासून घ्यावी.

दोन्ही यंत्रांची व्होल्टेज निवड वेगवेगळी आहे, दोन्हीकडे पाहावं. ब्रिटनमधून आलेलं २४० वर असतं आणि भारतातल्या २३० ला ते तसंच ठेवावं. आपल्याकडे वीज वर गेली तरी थोडी मोकळीक राहते, आणि खाली आली तरी रेग्युलेटर ६७ व्होल्ट सांभाळतो. अमेरिकेतून आलेलं यंत्र मात्र सिलेक्टर न पाहता लावलं तर तिथेच संपेल. मेन्सचे जुने कनेक्टर तडकलेले असतील तर आयईसी सॉकेट बसवावं. अर्थिंग कधीही तोडू नये. गुणगुण आली तर रेकॉर्ड प्लेअरची हिरवी ग्राउंड वायर ३३ च्या स्क्रूला लागली आहे ना हे पाहावं, आणि बाकी उपकरणं एकाच बोर्डावर आणावीत.

रेकॉर्डसाठी ३३ मध्ये एक चौकोनी ॲडॅप्टर बोर्ड आहे. तो फिरवून वेगळ्या बाजूने घातला की इनपुटची संवेदनशीलता बदलते. घेतलेल्या यंत्रात तो सिरॅमिक पिकअपच्या बाजूने घातलेला असेल तर मॅग्नेटिक काट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) आवाज पातळ, खर्जहीन येणार. तो फिरवा, मगच काट्रिजला दोष द्या. हा फोनो (रेकॉर्डसाठीचा) विभाग बरा आहे, उत्तम नाही. ३३ मधला हाच भाग आम्हाला सर्वांत कमी पटतो. चांगला बाहेरचा फोनो प्रीॲम्प थेट रेडिओ इनपुटला लावावा. ५ मिलिव्होल्टच्या काट्रिजला ४० डेसिबल मिळाले की अर्धा व्होल्ट होतो, त्यामुळे सीडीसारखा मोठा अटेन्युएटर लागत नाही.

७८ च्या तबकड्या असणाऱ्या घरात मात्र ३३ ची खरी किंमत कळते. ५, ७ आणि १० किलोहर्ट्झचे फिल्टर आणि त्यांचा उतार बदलणारं बटण, हे आजच्या ॲम्पवर मिळत नाही. बालगंधर्वांच्या जुन्या तबकडीवरची खरखर ७ किलोहर्ट्झ आणि मध्यम उतार ठेवला की मागे सरते आणि गळा जागच्या जागी राहतो. ५ वर गेलात तर शब्दातले ‘स’ आणि ‘श’ हरवतात. ७८ साठी सुई वेगळी हवी, साधारण ६५ मायक्रॉनची. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत राहते. गॅरार्ड ४०१ या जुन्या ब्रिटिश टर्नटेबलला ७८ ची गती आहे, आणि क्वाडसोबत ती ब्रिटिश घरांत खूप दिसायची. ती घेताना आयडलर चाकाचा रबर पाहावा. कडक झाला असेल किंवा एका जागी दबला असेल तर ठराविक लयीत ‘धप धप’ येते. वापर नसताना प्लेअर बंद स्थितीत ठेवला की चाक सुटं राहतं.

स्पीकर कोणता? लहान खोलीत बीबीसीचा एलएस३/५ए. त्यात केईएफ कंपनीचे बी११० (खर्ज-मध्य) आणि टी२७ (ट्वीटर) हे ड्रायव्हर, जुन्या आवृत्तीचा रोध १५ ओहम, संवेदनशीलता ८३ डेसिबलच्या आसपास. बारा बाय बाराच्या खोलीत ख्याल आणि नाट्यगीत ऐकायला ३०३ त्याला पुरून उरतो. जाळी काढून ऐकू नये, ती आवाजाच्या हिशोबात धरलेली आहे. स्टँड ६० सेंटीमीटरचा, ट्वीटर कानाच्या पातळीला, भिंतीपासून हातभर दूर. बी११० ची कड निओप्रिन रबरची असल्याने फोमसारखी भुगा होत नाही, आपल्या दमट हवेत हे फार मोलाचं. १५ ओहमचा एक आणि ११ ओहमचा एक अशी विजोड जोडी स्वस्त मिळते. ती नाकारावी.

क्वाडचाच ईएसएल-५७ हा इलेक्ट्रोस्टॅटिक (पातळ पडद्याच्या पॅनेलचा) स्पीकर ३०३ चा खरा जोडीदार. त्याला ३३ व्होल्टच्या पुढचा पीक सोसत नाही आणि ६७ व्होल्टवर चालणारा ३०३ त्याच्या वर जाऊच शकत नाही. क्वाडचा १९७५ चा ४०५ हा पॉवर ॲम्प जास्त ताकदवान आहे, पण त्याला मर्यादा न घालता ईएसएल-५७ जोडणं म्हणजे पॅनेल जाळणं. तरीही मुंबई, कोकण किंवा गोव्यात ईएसएल-५७ घेऊ नये असंच आमचं मत आहे. पॅनेलवर ६ हजार व्होल्टपर्यंतचा दाब असतो. ओलावा आणि धूळ मिळाली की गळती होते, आवाज मंदावतो, तडतड सुरू होते. पुण्या-नाशिकच्या कोरड्या महिन्यांत तो वाजेल, पण पावसाळ्यात खोलीला डिह्युमिडिफायर लागेल.

ॲम्प पावसाळ्यात कपाटात बंद करून ठेवू नयेत. आठवड्यातून दोनदा तासभर वाजवले की आतली दमट हवा निघते आणि कंडेन्सरही ताजे राहतात. ३०३ च्या पंखांवर काही ठेवू नये, ३३ त्याच्यावर रचू नये.

विकत घेताना विक्रेत्याकडून तीन गोष्टी मागाव्यात. आतले चारही डबे दिसतील असा फोटो, ६७ व्होल्टचं वाचन, आणि दोन्ही चॅनेलच्या मधल्या बिंदूचं वाचन. ‘नुकतंच सर्व्हिस केलंय’ म्हणणाऱ्याला हे आकडे देता आले नाहीत तर किमतीतून पूर्ण दुरुस्तीचा खर्च वजा करावा. फक्त ३०३ मिळत असेल आणि रेकॉर्ड ऐकायच्या नसतील तर ३३ चा हट्ट धरू नये. अर्धा व्होल्ट मिळाला की ३०३ पूर्ण ताकद देतो, म्हणजे चांगला व्हॉल्यूमवाला डॅक आणि योग्य वायर पुरते. फक्त ३०३ साठी वेगळं, धडधाकट मेन्स बटण बसवून घ्यावं. आणि ज्यांच्या गावात सोल्डरिंगचा हात असलेला माणूस नाही, त्यांनी २०२४ मध्ये क्वाडने त्याच नावांनी पुन्हा आणलेले ३३ आणि ३०३ पाहावेत. चेहरा जुना, आतलं सगळं नवं, आणि वॉरंटीसह.